साखळी घडवावी आणि साखळी मोडावी

आपल्या समाजातील मुले-मुली आता शिक्षणासाठी देवास-इंदूरच्या बरीच पलीकडे जाऊ लागली आहेत. कोणी पुण्यास, कोणी मुंबईस, कोणी जळगावला, तर कोणी थेट परदेशी. सुटीत ती टोंकखुर्दला घरी आली की ओट्यावर बसलेल्या वडीलधाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "काय शिकतेस ग सध्या?" डॉक्टर, इंजिनियर, सी. ए. असे उत्तर आले की पुढे विचारण्याजोगे फारसे उरत नाही. पण एखादी मुलगी जेव्हा म्हणते, "पॉलिमरवर संशोधन करते, आजी. नव्या तऱ्हेची प्लास्टिके तयार करते आणि मग ती मोडून पाहते," तेव्हा ओट्यावर क्षणभर शांतता पसरते, आणि मग आजी विचारतात, "मोडायचेच होते, तर केले कशाला?"

स्मरणिकेसाठी कुटुंबांतील सर्वांस वाचता येईल असे काही शास्त्रीय लिहावे, असे विश्वस्तांनी सुचविले, तेव्हा आम्हास हाच प्रश्न आठवला. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. किंबहुना प्लास्टिक करणाऱ्यांनी तो उलट बाजूने स्वतःस वेळीच विचारावयास हवा होता : जे करीत आहोत ते पुढे मोडावयाचे कसे? तो विचारला गेला नाही, म्हणून आज आपल्या शेतांच्या बांधांवर आणि नाल्यांत जे पडून आहे ते पडून आहे.

प्रथम पॉलिमर म्हणजे काय ते पाहू. मराठी परिभाषेत त्यास 'बहुवारिक' म्हणतात. पण ह्या लेखात आम्ही सरळ 'साखळी' म्हणू आणि तिच्या एका घटकास 'कडी' म्हणू. एकसारख्या लहान रेणूंच्या शेकडो, हजारो कड्या एकात एक गुंतवून जो लांबलचक रेणू होतो, तो पॉलिमर. कापूस, लोकर, रेशीम, रबराचा चीक, गवारीच्या बियांतील डिंक ही सर्व निसर्गाने घडविलेली साखळ्यांचीच कामे आहेत. असे लांब रेणू खरोखरच असतात, हे जर्मन रसायनज्ञ हेर्मान स्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडले, तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या पंडितांनी ते मानले नाही. लहान रेणू नुसते एकमेकांस चिकटून बसतात, अशीच पुष्कळांची समजूत होती. स्टाउडिंगर यांस नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ साली, म्हणजे तब्बल तेहतीस वर्षांनी.

साखळीच्या लांबीवर किती अवलंबून असते, हे घरातील दोन वस्तूंवरून कळेल. मेणबत्तीचे मेण आणि ठिबक सिंचनाची काळी नळी ह्यांच्या कड्या जवळजवळ एकच. दोहोंतही कार्बनच्या अणूंची रांग आणि त्यांस लागलेला हायड्रोजन. फरक इतकाच की मेणात ही रांग साधारण वीस ते चाळीस कार्बनांची असते आणि नळीच्या पॉलिथीनमध्ये हजारो कार्बनांची. मेण नखाने खरवडते. नळी बैलाच्या पायाखाली आली तरी सहसा फुटत नाही. लांब साखळ्या पातेल्यातील शिजलेल्या शेवयांप्रमाणे एकमेकींत अडकतात. एक ओढावी तर दहा बरोबर येतात. हे अडकणे म्हणजेच प्लास्टिकचे बळ. साखळ्या आखूड झाल्या की गुंता सुटतो आणि वस्तू ठिसूळ होते.

ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे आपल्याकडील 'पुनर्वापरा'चे दुखणे कोठे आहे ते समजते. टोंकखुर्दच्या शेतकरी घरात आज काय काय असते? सोयाबीनची पोती विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची, ठिबकच्या बारीक नळ्या पॉलिथीनच्या, विहिरीवरून येणारा जाड पाइप पीव्हीसीचा, आणि पाण्याची बाटली पॉलिएस्टरची, जिला व्यापारी 'पेट' म्हणतात. भंगारवाला ह्यांतील जे विकले जाईल ते नेतो. पुढे ते धुऊन, कुटून, वितळवून त्याचा दाणा पाडतात आणि दाण्यापासून दुसरी वस्तू ओततात. वितळविणाऱ्या यंत्रात मोठा मळसूत्री दांडा फिरत असतो. त्याची रगड, तेथील उष्णता आणि मालात राहिलेला ओलावा ह्यांनी साखळ्या तुटतात. पेटच्या साखळीस तर ओलावा विशेष बाधतो. म्हणून बाटलीची पुन्हा बाटली होण्यापेक्षा तिचे धागे, गाद्या-उशांतील भरण असे काही होण्याचा रिवाज अधिक. पॉलिप्रॉपिलीनच्याही साखळ्या प्रत्येक फेरीस आखूड होतात. त्यात वेगवेगळ्या जातींची प्लास्टिके मिसळली तर मग काही विचारावयास नको; तेल आणि पाण्याप्रमाणे ती एकमेकांत मिळत नाहीत. तेव्हा आपण ज्यास पुनर्वापर म्हणतो तो बहुधा एकेक पायरी खाली उतरणे होय, आणि शेवटची पायरी बांधावरची.

येथे घरगुती उपयोगाची एक गोष्ट सांगून घेतो. वस्तूच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो : १ म्हणजे पेट, २ व ४ म्हणजे पॉलिथीनचे दोन प्रकार, ३ म्हणजे पीव्हीसी, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन, ७ म्हणजे उरलेले सर्व. भंगार देताना आकड्याप्रमाणे वेगळे करून दिले तर दाणा चांगला पडतो. आणि ३ आकड्याचा पाइप शेकोटीत कधीही घालू नये. त्यातून मीठाम्लाची वाफ निघते आणि डायॉक्सिन नावाची विषेही तयार होऊ शकतात. थंडीच्या दिवसांत आम्हीही एके काळी तुटके पाइप जाळीत हात शेकले आहेत. म्हणून हे अधिकाराने नव्हे, पश्चात्तापाने लिहीत आहोत.

आता मोडण्याकडे वळू. रसायन न घालता, नुसत्या बळाने साखळी तोडता येते, हे माणसास फार पूर्वी, कारण न कळता, समजले होते. १८२० साली इंग्लंडमध्ये टॉमस हॅन्कॉक यांनी रबराचे तुकडे दातेरी चक्रात घालून फाडून पाहिले. तुकडे बारीक होतील अशी अपेक्षा. झाला मात्र मऊ गोळा. यंत्राचे मर्म कोणास कळू नये म्हणून हॅन्कॉक त्यास 'लोणचे' म्हणत! त्या लोणच्यात काय होत होते, ते शंभराहून अधिक वर्षांनी उलगडले. रबराच्या साखळ्या ताणाने तुटत आणि हवेतील प्राणवायू त्यांच्या उघड्या टोकांस चिकटून ती पुन्हा जुळू देत नसे. १९३४ च्या सुमारास स्टाउडिंगर यांनीही पॉलिस्टायरीन गोळ्यांच्या चक्कीत दळून साखळ्या आखूड झाल्याचे दाखविले. पिठाचा कण बारीक होणे निराळे आणि रेणूच तुटणे निराळे. येथे रेणू तुटला होता.

आपल्या मराठी मुलखात ह्या जातीचे काम मुंबईस झाले आहे. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, जी १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून निघाली आणि २००८ पासून स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे, तेथे प्रा. अनिरुद्ध पंडित आणि प्रा. पराग गोगटे यांनी विद्यार्थ्यांसह 'पोकळीकरणा'वर वर्षानुवर्षे संशोधन केले. पाण्यात कानास न ऐकू येणारा अतिशय उंच स्वर सोडला की पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होतात, फुगतात आणि क्षणात फुटून मिटतात. बुडबुडा मिटताना भोवतालचे पाणी त्याच्याकडे वेगाने धावते. अशा वेळी जवळपास एखादी लांब साखळी असेल तर तिचे एक टोक ओढले जाते, दुसरे मागे राहते आणि ती ताणली जाते. रस्सीखेच आठवावी : दोन्ही बाजूंच्या गड्यांचे बळ साठत साठत दोराच्या मध्यभागी सर्वात अधिक होते आणि जुना दोर असला तर तो बहुधा मध्येच तुटतो. साखळीही बहुधा मध्याजवळच तुटते. एकीच्या दोन, दोहोंच्या चार. पण हे अखंड चालत नाही. दोर आखूड झाला की गडीही कमी झाले. ताण पडेनासा होतो आणि एका ठराविक लांबीच्या खाली तुटणे थांबते.

माटुंग्याच्या ह्या मंडळींनी २०११ साली पॉलिव्हिनाइल अल्कोहोल व सेल्युलोजपासून केलेल्या एका पदार्थाच्या द्रावणांवर आणि २०१५ साली गवारीच्या डिंकावर असे प्रयोग प्रसिद्ध केले. गवारीचा डिंक म्हणजे आपल्या भाजीतील गवारीच्याच बियांतील साखळी. ती आइस्क्रीम दाट करण्यास आणि कापडावरील छपाईच्या लगद्यात वापरतात. डिंकाचे दाट द्रावण पोकळीकरणाने पातळ होते. किती वेळात, किती तापमानास, कोणते द्रव्य बरोबर घातले असता अधिक लवकर, हे सर्व मोजून काढणे म्हणजे त्या विद्यार्थ्यांचे संशोधन. वरवर पाहता दाट पिठले पातळ करण्याचा हा खटाटोप! पण बळ आणि तुटणे ह्यांचा हिशेब येथेच बसतो.

परंतु तुटून आखूड झालेली साखळी म्हणजे सुटी कडी नव्हे. आजींच्या प्रश्नाचे खरे उत्तर हवे असेल तर साखळी अगदी मूळ कडीपर्यंत उलगडली पाहिजे. मग त्या कड्यांतून नवी, पूर्ण बळाची साखळी ओवता येईल. पेटच्या बाबतीत ही वाट रसायनाने सापडली आहे. माटुंग्याच्याच संस्थेत प्रा. संजीव शुक्ला यांच्यासारख्या वस्त्ररसायनतज्ज्ञांनी २००० नंतरच्या वर्षांत पॉलिएस्टरचा कचरा ग्लायकॉलमध्ये उकळून त्याच्या कड्या सुट्या केल्या आणि त्यांपासून कापडाच्या कारखान्यांस लागणारी द्रव्ये करून दाखविली. जळगावच्या विद्यापीठाच्या, आताच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या, रासायनिक तंत्रज्ञान विभागातही त्याच सुमारास पेटच्या कचऱ्याची भुकटी ग्लायकॉलने, आम्लाने आणि अल्कलीने फोडण्याच्या गतीचा बारकाईने अभ्यास झाला. पुढे २०२२ साली अमेरिकेतील जॉर्जिया येथील संशोधकांनी पेट आणि कॉस्टिक सोडा गोळ्यांच्या चक्कीत, द्रावक न घालता, नुसते दळून कड्या मिळविल्याचे प्रसिद्ध केले. स्टाउडिंगर यांची चक्की नव्वद वर्षांनी पुन्हा कामास आली म्हणावयाची.

पेटच्या साखळीत मुळातच असे सांधे आहेत की जेथे पाणी किंवा ग्लायकॉल घुसू शकते. पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन ह्यांत असले सांधे नाहीत. कार्बनास कार्बन, एकास एक, घट्ट. तेथे युक्ती चालत नाही. म्हणून नव्या पिढीचे संशोधक म्हणतात, साखळी घडवितानाच तिच्यात मोडण्याची सोय ठेवू.

ह्याचे शास्त्र डेंटन व आयव्हिन ह्या दोन ब्रिटिश रसायनज्ञांनी १९४८ सालीच सांगून ठेवले होते. प्रत्येक जातीच्या साखळीस तापमानाचा एक उंबरठा असतो. त्याच्या खाली कड्या जोडून राहू पाहतात, त्याच्या वर सुट्या होऊ पाहतात. पॉलिथीनचा उंबरठा फार उंच. म्हणून ते सहजी उलगडत नाही. काही साखळ्यांचा मात्र बर्फाहूनही खाली असतो. पॉलिथॅलाल्डिहाइड नावाच्या साखळीचा उंबरठा शून्याखाली सुमारे चाळीस अंश. ती अतिशीत फ्लास्कमध्ये घडवितात आणि तिची टोके गाठ मारल्याप्रमाणे बंद करतात. मग ती खोलीच्या उष्णतेतही टिकते, कारण उलगडण्यास सुरुवात करावयास तिला मोकळे टोकच नसते. २०१४ साली इलिनॉय येथील व इतर संशोधकांनी तीवर ध्वनीचा प्रयोग केला. साखळी मध्ये तुटली, दोन मोकळी टोके निर्माण झाली आणि तेथून ती सरसर उलगडत मूळ कड्यांपर्यंत गेली. त्याच कड्यांतून त्यांनी पुन्हा साखळी ओवली.

हे आम्ही एका घरात सांगत होतो, तेव्हा विणकाम करणाऱ्या एका काकूंनी ते एका वाक्यात आटोपले : "म्हणजे स्वेटरची शेवटची गाठ कापली की सगळा उसवतो आणि लोकर पुन्हा गुंडाळता येते, तसेच ना?" तसेच. फक्त काकूंनी पुढचा प्रश्नही विचारला : "पण अंगावर असताना उसवला तर?"

हीच खरी मेख आहे. सहज उलगडणारी साखळी वापरात टिकत नाही. वैशाखातल्या माळव्याच्या उन्हात नळी स्वतःहून उसवू लागली तर शेतकरी काय करील? आणि टिकाऊ साखळी उलगडत नाही. ह्या दोन अटींच्या मध्ये वाट काढणे, हे आज जगातील कित्येक पीएच.डी. विद्यार्थ्यांचे काम आहे. अमेरिकेतील ॲक्रन हे टायरांचे जुने गाव. तेथील महाविद्यालयात १९०९ सालापासून रबराचे रसायन शिकवीत आले आहेत. त्याच ॲक्रन विद्यापीठात जुनपेंग वांग आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०२३ साली एक सुरेख तोडगा प्रसिद्ध केला. त्यांनी साखळीच्या प्रत्येक कडीत चार कार्बनांची एक चौकट बसविली. चौकट बंद असेतो साखळी पक्की. नेहमीच्या वापरात उलगडत नाही. ध्वनीने साखळी ताणली की चौकटी उघडतात आणि पूर्वीच्या एका कडीच्या जागी दुसऱ्याच जातीच्या तीन कड्या तयार होतात. ही नवी साखळी कमी उंबरठ्याची. रुथेनियम धातूचे उत्प्रेरक मिळताच ती संपूर्ण सुट्या कड्यांत उलगडते. म्हणजे कुलपास दोन किल्ल्या : एक बळाची, दुसरी रसायनाची. एकीने दार उघडत नाही. अंगावरचा स्वेटर उसवत नाही तो ह्यामुळे.

अशा कामात विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो, तेही आई-वडिलांस ठाऊक असावे. ओलावा आणि हवा लागू न देता काचेच्या पात्रात काही ग्रॅम माल करणे. तो शुद्ध करणे. द्रावणात घालून तासन्तास ध्वनी देणे. दर थोड्या वेळाने नमुना काढून साखळीची लांबी मोजणे. लांबी मोजण्याची रीत मोठी मौजेची आहे. सच्छिद्र कणांनी भरलेल्या नळीतून द्रावण जाऊ देतात. लहान साखळ्या प्रत्येक छिद्रात डोकावत जातात आणि उशिरा बाहेर पडतात. मोठ्या साखळ्या छिद्रांत मावत नाहीत, त्या सरळ बाहेर येतात. आठवड्याच्या बाजारात मुले प्रत्येक दुकानापाशी रेंगाळतात आणि आजोबा तडक पलीकडच्या टोकास पोचतात, तद्वत. कोण केव्हा बाहेर आले ह्यावरून लांबी कळते. पुष्कळदा महिनाभर केलेला माल मोजता कळते की तो हवा तसा झालाच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. फोनवर मुलीचा आवाज उतरलेला वाटला तर कारण बहुधा हे असते, उपवर स्थळ नव्हे.

पैशाचेही सांगितले पाहिजे, कारण "पाच वर्षे घरचा खर्च कोण सोसणार?" ह्या धास्तीने काही घरांतील हुशार मुली एम.एस्सी. नंतर थांबतात, हे आम्ही पाहिले आहे. केंद्राची नेट परीक्षा कनिष्ठ शिष्यवृत्तीसह उत्तीर्ण झाल्यास जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये विद्यावेतन ठरले असून, घरभाडे भत्ता त्याहून वेगळा असतो. एकूण मुदत पाच वर्षांची. ज्या कुटुंबास ह्याविषयी शंका असेल त्याने मुलीस थांबविण्याआधी निदान कोणा जाणत्यास विचारावे. पॉलिमरच्या कामासाठी माटुंग्याप्रमाणेच पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही आहे. १९५० साली उघडलेल्या ह्या प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर व डॉ. स्वामिनाथन शिवराम हे दोन पॉलिमरतज्ज्ञ पुढे संचालक झाले.

हे सर्व वाचून कोणी उद्याच कारखाना निघेल असे समजू नये. ॲक्रनचा माल अद्याप प्रयोगशाळेच्या पात्रातला आहे. रुथेनियम महाग आहे. आणि ध्वनीला दिलेल्या विजेचा मोठा भाग साखळी तोडण्यात न जाता पाणी तापविण्यातच जातो. पात्रातून हौदात जावयाचे तर दुसरी वाट हवी. ती वाट मात्र आपल्या गावकऱ्यांच्या ओळखीची निघेल. बुडबुडे उठविण्यास ध्वनीच हवा असे नाही. पंपाने द्रव जोराने बारीक छिद्रांच्या चकतीतून काढला तरी चकतीच्या पलीकडे दाब एकाएकी उतरतो आणि तसेच बुडबुडे होऊन मिटतात. गवारीच्या डिंकावर २०१५ साली मुंबईस हाही प्रयोग झाला आणि द्रावण पातळ झाले.

हा बुडबुडा शेतकऱ्याचा जुना वैरी आहे. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खोल गेले, ओढ फार पडू लागली की पंप खडखडतो आणि काही दिवसांनी उघडून पाहावे तो आतल्या पंख्याची पाती उंदराने कुरतडल्यासारखी झालेली असतात. आपण म्हणतो लोखंड खराब होते, देवासच्या बाजारातून नवा पंखा आणतो आणि जुना गोठ्यामागे टाकतो. ज्यांच्याकडे असा पंखा पडून असेल त्यांनी तो भंगारात देण्याआधी, सुटीत घरी आलेल्या मुलामुलींस जरूर दाखवावा. त्यांच्या पात्रात जे होते, त्याच्या खुणा त्या लोखंडावर डोळ्यांनी दिसतात.